काहीच न बदलण्याचे प्रात्यक्षिक

यवतमाळहून देवळीला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर एक लिटरची बाटली होती आणि तिला आंबट वास येत होता, एवढाच माझा परवाचा गुन्हा. मात्र वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने यवतमाळकडून येणारी कोणतीही बाटली जन्मतःच संशयित ठरते.

"मास्तर, बाटलीत काय हाय?" शेजारच्या धोतरवाल्या काकांनी अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा बेताने विचारले. बफर द्रावण आहे, असे मी सांगितल्यावर वाहकाने झाकण उघडून ते हुंगले आणि पुढच्या बाकावरच्या आजींनाही हुंगायला दिले. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

मग अब्रू वाचवण्यासाठी मी शिकवू लागलो. यात अ‍ॅसिटिक आम्ल आणि सोडियम अ‍ॅसिटेट, दोन्ही ०.१ मोल (मोल म्हणजे पदार्थ मोजायचे रसायनशास्त्रातले माप) आहेत. बाहेरून आम्ल पडले की त्याचे हायड्रोजन आयन अ‍ॅसिटेट उचलून घेते, आम्लारी पडली तर अ‍ॅसिटिक आम्ल तिला उदासीन करते, त्यामुळे ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तरी सामू, म्हणजे आम्लता सांगणारा पीएचचा आकडा (आम्ल वाढले की तो उतरतो), ४.७६ वरून जेमतेम ४.६७ वर येतो.

"म्हंजे काईच बदलत नाई?"

"जवळपास नाही."

"मंग पोट्ट्याइले दाखवता काय?"

"बदलत नाही, हेच."

काकांनी बराच वेळ माझ्याकडे, मग बाटलीकडे आणि शेवटी खिडकीबाहेरच्या पऱ्हाटीकडे पाहिले. "त्यापरीस साधं पानी दाखवा ना, कायले एवढा भार वायता?"

बस हसली, मला हसू आले नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली बदली झालेल्या शिपायाबरोबर गेली, रसायनांचा मागणी अर्ज कुठल्याशा टेबलावर वर्षभर मुरतो आहे, म्हणून मित्राच्या महाविद्यालयातून उसने द्रावण, स्वतःच्या खिशातून भाडे, आणि वर तस्कर म्हणून तपासणी! १९०९ साली सामूची मोजपट्टी मांडणाऱ्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसनांना कार्ल्सबर्गच्या मद्यनिर्मिती कारखान्याने उभारलेली प्रयोगशाळा मिळाली होती. त्यांची बाटली कोणी हुंगली असेल असे वाटत नाही.

वर्गात मी एका चंचुपात्रात हे द्रावण, दुसऱ्यात तेवढेच ऊर्ध्वपातित पाणी घेतले आणि दोन्हींत सारखेच आम्ल सोडले. पाण्याचा सामू ७ वरून २ च्या आसपास उतरला आणि त्यात बुडवलेला दर्शक कागद लालभडक झाला. बफरमधला कागद आधी होता तसाच राहिला. "सर, हे बिघडलं काय?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

टाळ्या पडल्या त्या साध्या पाण्याला.