नदी ओलांडली की परवाना संपतो

‘अमेरिकेतील प्रत्येक भारतीयाने जपून ठेवावे’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या आमच्याकडच्या मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये फिरतो आहे. तीन गटांतून तो माझ्याकडे आला, तेव्हा मी तो सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली विचारले, “मावशी, यात काही चूक नाही ना?” भाचा पेनसिल्व्हेनियात एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो. त्याचा एक ग्रीन कार्डधारक सहकारी तीन आठवड्यांसाठी पुण्याला निघाला होता आणि तेवढे दिवस आपले पिस्तूल भाच्याच्या फ्लॅटमध्ये ठेवावे, अशी त्याची विनंती होती. संदेश वाचल्यावर भाच्याला ती विनंती मानण्यात काही वावगे वाटेना, आणि म्हणूनच आता गप्प बसणे मला शक्य नाही.

संदेशात थोडक्यात असे म्हटले आहे: शस्त्र बाळगणे हा संविधानाने दिलेला हक्क असल्याने सर्व राज्यांत कायदा एकच आहे, २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर एका राज्याचा परवाना ड्रायव्हिंग लायसन्सप्रमाणे देशभर चालतो, गाडीत कुलूपबंद ठेवलेली बंदूक कोणत्याही राज्यात नेता येते, दुकानात कसलीही चौकशी होत नाही, आणि व्हिसावर असलेल्यांनाही शिकारीचा परवाना काढला की बंदूक बाळगायला पूर्ण मोकळीक आहे.

पहिल्या आणि चौथ्या दाव्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने हक्क दिला आहे, परंतु त्या हक्काची चौकट केंद्राचे कायदे आणि त्यांवर पन्नास राज्यांचे आपापले कायदे मिळून ठरवतात. व्हरमाँटमध्ये पिस्तूल जवळ बाळगून फिरण्यासाठी परवाना कधीच लागला नाही आणि टेक्सासने ती अट सप्टेंबर २०२१ पासून काढून टाकली. न्यू जर्सीत मात्र पिस्तूल नुसते विकत घेण्यासाठीही आधी परवानगी लागते, तीही प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळी. परवानाधारक दुकानदाराकडून होणाऱ्या खरेदीत केंद्रीय यंत्रणेकडून ग्राहकाची पार्श्वभूमी तपासली जाते, आणि ही व्यवस्था नोव्हेंबर १९९८ पासून देशभर चालू आहे. कॅलिफोर्नियात तर त्यानंतरही दहा दिवस थांबावे लागते. दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीला केंद्राचा कायदा अशी तपासणी बंधनकारक करत नाही, एवढे मान्य करावे लागेल. पण दावा दुकानांबद्दल आहे आणि तो चुकीचा आहे.

आता परवान्याकडे वळू, कारण न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या भागातील माणसे यातच सर्वाधिक फसण्याची भीती आहे. २०२२ च्या ज्या निकालाचा हवाला संदेशात दिला आहे, तो न्यूयॉर्कच्या एका जुन्या कायद्याबद्दलचा होता. पिस्तूल जवळ बाळगण्याची ‘विशेष गरज’ सिद्ध केल्याशिवाय न्यूयॉर्क परवाना देत नसे, आणि ती अट न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. निकालपत्र कोणालाही वाचायला उपलब्ध आहे. ४३ राज्ये ठरावीक निकष पूर्ण करणाऱ्याला परवाना देतात आणि न्यूयॉर्कसह सहा राज्ये तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवतात, असा फरक त्यात स्पष्ट केला आहे. परवाना मागण्याची पद्धतच घटनाबाह्य आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. उलट, राज्यांना यापुढेही परवाना, पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रशिक्षण यांची अट ठेवता येईल, असे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपल्या सहमतीच्या मतात स्वतंत्रपणे नोंदवले आहे. एका राज्याने दुसऱ्याचा परवाना मानलाच पाहिजे, असा आदेश त्या निकालात नाही. निकालानंतर न्यूयॉर्कने १६ तासांचे वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष नेमबाजीचा सराव सक्तीचा केला, शिवाय टाइम्स स्क्वेअरसारखी ठिकाणे शस्त्रांना वर्ज्य ठरवली.

अनेक राज्यांनी एकमेकांचे परवाने मान्य केले आहेत, हे खरे आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तेवढेच कोठेतरी ऐकले असावे. परंतु ही मान्यता प्रत्येक राज्य स्वतः ठरवते आणि न्यू जर्सी कोणत्याही परराज्याचा परवाना मानत नाही. सर्व राज्यांवर अशी मान्यता बंधनकारक करणारे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केले होते, पण सिनेटने ते मंजूर केले नाही. परवाने देशभर चालतच असते, तर त्या विधेयकाची गरज कोणाला पडली असती? भारतातसुद्धा शस्त्राचा परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हे त्या परवान्यावर लिहिलेले असते. मग ड्रायव्हिंग लायसन्सची उपमा आपल्या माणसांना इतक्या सहज पटावी, याचे मला आश्चर्य वाटते.

या गैरसमजाची किंमत काय असते, ते २०१३ साली दिसले. फिलाडेल्फियात राहणारी, दोन मुलांना एकटीने वाढवणारी एक आई न्यू जर्सीत गाडी चालवत असताना पोलिसांनी तिला वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून थांबवले. आपल्याकडे पिस्तूल आहे आणि त्याचा पेनसिल्व्हेनियाचा परवानाही आहे, असे तिने स्वतःहून सांगितले. तो परवाना खरा होता, पण न्यू जर्सीत त्याला कायद्याच्या दृष्टीने काहीच अर्थ नव्हता. ती महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिली, किमान तीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार तिच्यावर होती, आणि हे सर्व अखेर एप्रिल २०१५ मध्ये न्यू जर्सीचे तत्कालीन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिल्यावर संपले. फिलाडेल्फियाच्या आसपासची आपली किती कुटुंबे शनिवारी-रविवारी दोन राज्यांमधल्या डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीतल्या एडिसनला किराणा घ्यायला किंवा कोणाच्या घरी सत्यनारायणाला येतात, हे मला चांगले ठाऊक आहे. त्यांच्यापैकी एकानेही हा संदेश खरा मानून पिस्तूल सोबत आणले, तर काय होईल, या विचाराने माझी झोप उडाली आहे.

कुलूपबंद पेटीच्या दाव्यातही अर्धे सत्य आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांतून केवळ जाणाऱ्या प्रवाशाला संरक्षण दिले आहे, पण त्यासाठी निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणी ती बंदूक जवळ बाळगणे कायदेशीर असले पाहिजे, ती रिकामी असली पाहिजे, आणि ती किंवा गोळ्या प्रवासात सहज हाती येता कामा नयेत; गाडीला वेगळी डिकी नसेल, तर त्या कुलूपबंद पेटीत ठेवाव्या लागतात आणि ग्लोव्ह बॉक्स त्यासाठी चालत नाही. हे संरक्षण फक्त वाटेपुरते आहे. युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे विमान चुकले आणि त्याला सामानासह न्यू जर्सीतील न्यूअर्कच्या हॉटेलात रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे बंदूक जाहीर केली, तेव्हा त्याला अटक झाली. हॉटेलात ती त्याच्या हाताशी होती, म्हणून हे संरक्षण त्याला मिळत नाही, असे अपील न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले.

शेवटचा दावा मात्र निव्वळ घातक आहे. केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे, आणि एच-वन-बी व विद्यार्थ्यांचा एफ-वन हे दोन्ही व्हिसा त्यात येतात. येथे ‘बाळगणे’ म्हणजे मालक असणे नव्हे. दुसऱ्याची बंदूक जाणूनबुजून आपल्या कपाटात ठेवून घेणे हेसुद्धा बाळगणेच आहे. वैध शिकारीचा परवाना असेल तर अपवाद मिळतो, एवढे खरे आहे. पण त्याने केवळ केंद्राची मनाई दूर होते, राज्याचे कायदे तसेच लागू राहतात. शिवाय पेनसिल्व्हेनियाचा शिकारीचा परवाना ३० जूनला संपतो, म्हणजे नूतनीकरण राहून गेले, तर १ जुलैला तीच कपाटातली बंदूक केंद्रीय गुन्हा ठरते आणि २०२२ पासून त्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फ्लोरिडात विद्यापीठाने काढून टाकल्यामुळे व्हिसाचा दर्जा गमावलेल्या एका विद्यार्थ्याने नेमबाजीच्या रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवल्या, आणि तेवढ्यावरून त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. आपला दर्जा त्याला माहीत होता, हे सरकारने सिद्ध करायला हवे होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याची दोषसिद्धी टिकू दिली नाही. परंतु दरवर्षी स्वतःच्या व्हिसाची कागदपत्रे चाळणाऱ्या एच-वन-बीधारकाला ‘मला माहीत नव्हते’ असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? त्याच्या पुढचा धोका संदेशात साधा नोंदवलेलाही नाही: शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी नागरिक हद्दपारीस पात्र ठरू शकतो, आणि ग्रीन कार्ड असले तरी त्यातून सुटका नाही.

मी भाच्याला हे सर्व फोनवर सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “मग मी त्याला नाही कसं म्हणू? त्याला वाईट वाटेल.” मी म्हटले, माझे नाव सांग. त्याने त्याच संध्याकाळी नकार कळवला. सहकाऱ्यालाही मनाईचा नियम ठाऊक नव्हता. त्याने पिस्तूल स्वतःच्या घरातील तिजोरीत कुलूप लावून ठेवले आणि तो पुण्याला गेला. ज्या गटातून भाच्याला तो संदेश आला होता, तेथे मात्र तो अजून तसाच आहे, आणि तो काढून टाकावा, अशी विनंती मी गटाच्या चालकांना दोनदा केली आहे.