गृहखात्यावरच्या चर्चा आणि ए. के. गोपालन

गृह मंत्रालयाचं एखादं विधेयक संसदेत आलं की दुसऱ्या दिवशी आपल्या मोबाइलवर काय येतं? गृहमंत्र्यांनी कुणाची बोलती कशी बंद केली याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ, नाहीतर विरोधी पक्षातल्या कुणी सरकारला कसं धुतलं याचा. विधेयकात नेमकं काय होतं, कोणत्या कलमावर कोण बोललं, दुरुस्ती कुणी सुचवली, मतविभाजन कुणी मागितलं, यातलं काहीच येत नाही. आणि मग आपण म्हणतो, ‘विरोधक बोलून काय फरक पडतो, शेवटी बहुमत त्यांचंच.’

मला हे वाक्य ऐकवत नाही. संसदेतल्या जुन्या चर्चा आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही वाचता येतात. त्या वाचायला लागल्यापासून गृहखात्यावर बोलणाऱ्या विरोधी खासदाराचं काम काय असतं याबद्दलचं माझं मत पक्कं झालंय. आज ते एका माणसाच्या आधारानं मांडतो. नाव ए. के. गोपालन.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव खटल्यामुळे माहीत असतं. ‘गोपालन विरुद्ध मद्रास राज्य, १९५०.’ पण तो माणूस पुढे पंचवीस वर्षं लोकसभेत होता, हे खटला पाठ करणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसतं. केरळातला हा शाळामास्तर. आधी काँग्रेसमध्ये, मग कम्युनिस्ट. डिसेंबर १९४७ पासून, म्हणजे स्वातंत्र्य मिळून चार-पाच महिनेही झाले नव्हते तेव्हापासून, तो तुरुंगात होता. फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला आणि त्याला आत ठेवण्याचा नवा हुकूम त्याच कायद्याखाली निघाला.

हा कायदा मांडला होता सरदार पटेलांनी. राज्यघटना अंमलात येऊन जेमतेम महिना झाला होता. हे विधेयक आणण्याआधी आपली झोप उडाली होती, असं पटेलांनी सभागृहात सांगितलं, आणि ते मनापासूनच सांगितलं असणार. कायदा एका वर्षापुरता होता. गुन्हा केला म्हणून नाही, तर पुढे काही करेल या अंदाजावर माणसाला आत ठेवायचं. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. त्यातलं चौदावं कलम तर असं होतं की आपल्याला कोणत्या कारणासाठी पकडलंय हे त्या माणसानं न्यायालयातसुद्धा उघड करायचं नाही, केलं तर तोच गुन्हा. गोपालन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं हे चौदावं कलम रद्द केलं, बाकी कायदा मात्र कायम ठेवला. न्यायमूर्ती फजल अली यांनी वेगळं मत नोंदवलं. ते मत पुढे १९७० च्या दशकात खुद्द न्यायालयाच्याच भूमिकेत उतरलं. पण त्या दिवशी गोपालन हरले.

१९५१ मध्ये ते सुटले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निवडून आले आणि लोकसभेतल्या सर्वांत मोठ्या विरोधी गटाचे नेते झाले. त्याच वर्षी गृहमंत्री कैलासनाथ काटजू स्थानबद्धता कायद्याची मुदत वाढवणारं विधेयक घेऊन आले. ज्या कायद्याखाली हा माणूस डांबला गेला होता, ज्याच्यावरून सर्वोच्च न्यायालयात हरला होता, त्याच कायद्याविरुद्ध आता तो सभागृहात उभा होता. त्याच चर्चेत जनसंघाचे श्यामाप्रसाद मुखर्जीही विरोधात बोलले. विचारांनी दोघे दोन टोकांवर, पण या कायद्याबाबत एका बाजूला. विधेयक मंजूर झालं. पुढच्या वर्षी, २३ जून १९५३ रोजी, मुखर्जींचा काश्मीरमध्ये स्थानबद्धतेतच मृत्यू झाला. तिथला कायदा निराळा होता, पण खटल्याशिवाय माणूस आत ठेवायची पद्धत तीच.

आता ‘काय फरक पडला?’ हा प्रश्न इथे विचारा. मतांच्या हिशेबात काहीच नाही. पण एक वर्षाचा म्हणून आणलेला कायदा पुन्हा पुन्हा मुदतवाढ मागत संसदेपुढे येत राहिला. मुदत होती म्हणूनच तो परत यायचा, आणि परत आला की सरकारला पुन्हा कारण द्यावं लागायचं. किती जण आत आहेत, कुठे आहेत, स्थानबद्धतेची प्रकरणं तपासणाऱ्या सल्लागार मंडळानं किती जणांना सोडलं, हे विचारायची संधी विरोधकांना मिळायची. सुरुवातीच्या कायद्यात काही प्रकारची प्रकरणं मंडळापुढे न नेताच माणसाला आत ठेवता येत होतं. १९५१ मध्येच, राजाजी (सी. राजगोपालाचारी) गृहमंत्री असताना, प्रत्येक प्रकरण मंडळापुढे नेणं आवश्यक झालं. लहान सुधारणा आहे, मान्य. पण ज्याला त्या मंडळानं सोडलं, त्याच्या घरी ती लहान वाटली नसणार.

आणि हा कायदा मेला कसा? ३१ डिसेंबर १९६९ ला त्याची मुदत संपली आणि ती वाढली नाही. काँग्रेस नुकतीच फुटली होती. इंदिरा गांधींचं सरकार अल्पमतात होतं, कम्युनिस्टांच्या आणि द्रमुकच्या पाठिंब्यावर चाललं होतं. ज्या कम्युनिस्टांनी १९५२ पासून मुदतवाढीला विरोध केला होता त्यांच्याकडेच मतं मागायला जावं लागणार होतं, आणि ते देणार नाहीत हे सरकारला ठाऊक होतं. का ठाऊक होतं? कारण त्यांची भूमिका सतरा वर्षं लेखी नोंदलेली होती. विरोधकाचं भाषण त्या दिवशी मत फिरवत नसेल, पण ते त्याला स्वतःला बांधून ठेवतं. ज्या दिवशी त्याच्या मताला किंमत येते त्या दिवशी ही जुनी नोंद कामाला येते.

मार्च १९७१ मध्ये प्रचंड बहुमत मिळालं आणि जुलैपर्यंत ‘मिसा’ हा नवा स्थानबद्धता कायदा आलासुद्धा. इतकं सरळ आहे सगळं. पुढे २६ जून १९७५ च्या सकाळी वाजपेयी, अडवाणी, मधू दंडवते, श्यामनंदन मिश्र संसदीय समितीच्या कामासाठी बेंगळुरूला होते. तिथेच त्यांना अटक झाली.

आणीबाणीतल्या पहिल्या अधिवेशनात, २१ जुलै १९७५ ला, प्रश्नोत्तराचा तास आधीच गुंडाळून ठेवलेला होता आणि वर्तमानपत्रांवर पूर्वपरीक्षण होतं. त्या लोकसभेत गोपालन बोलायला उभे राहिले. तब्येत ढासळलेली, वय सत्तरच्या पुढे. अनेक सदस्य आज इथे नाहीत, ते स्वतःच्या मर्जीनं गैरहजर नाहीत, त्यांना डांबून ठेवलंय, अशा आशयानं त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ते मोकळेपणानं छापून येण्याची सोयच नव्हती. पण लोकसभेच्या कामकाजात ते आहे. आज मी ते वाचू शकतो. २२ मार्च १९७७ ला, आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर मधू लिमये. पुण्याचा माणूस, निवडून आला बिहारमधल्या मुंगेरमधून. नोव्हेंबर १९६८ मध्ये लखीसराय स्टेशनवर त्यांना अटक झाली तेव्हा त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून चालवलं. अटकेची कारणं सांगितली नाहीत, हे घटनेच्या बाविसाव्या कलमाचं उल्लंघन आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि ते सुटले. नियमांचं पुस्तक आणि राज्यघटना घेऊन सभागृहात बसणारा हा खासदार बाहेर तेच पुस्तक जगून दाखवत होता. १९७६ मध्ये लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा तुरुंगातूनच त्यांनी राजीनामा पाठवला, कारण लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलं होतं. शरद यादवांनीही दिला. बाकीच्यांनी का दिला नाही, हा प्रश्न मला अजून छळतो.

योगायोग पाहा. लिमये आणि बॅरिस्टर नाथ पै विरोधी बाकांवर होते त्या काळात समोर गृहमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण बसत. १९६७ चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे आजचा यूएपीए, चव्हाणांच्याच कारकिर्दीतला. मूळ कायदा संघटनांवरच्या बंदीपुरता होता. बंदी घातली की न्यायाधिकरणानं सहा महिन्यांत ती तपासायची, अशी तरतूद त्यात होती आणि आजही आहे. दहशतवाद हा शब्दच त्यात नव्हता, तो आला २००४ मध्ये. जामिनाची आजची अवघड अट आली २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तीन आठवड्यांत, आणि त्या वेळच्या मुख्य विरोधी पक्षानं पाठिंबा दिला. मुंबई जळत होती, लोक संतापलेले होते, मीही होतो. पण संतापाच्या आठवड्यात जामिनाचं कलम लिहायचं नसतं. तो आठवडा गेला, कलम राहिलं.

मग २०१९. एखाद्या संघटनेलाच नव्हे तर एका व्यक्तीलाही सरकारनं दहशतवादी जाहीर करण्याचा अधिकार देणारी दुरुस्ती. खटला संपण्याची गरज नाही, सुरू होण्याचीसुद्धा नाही. राज्यसभेत २ ऑगस्टला विधेयक प्रवर समितीकडे पाठवावं या मागणीच्या बाजूनं ८५ मतं पडली, विरोधात १०४. त्यानंतर प्रत्यक्ष विधेयकावर मतदान झालं, तेव्हा बाजूनं १४७ आणि विरोधात फक्त ४२. हे आकडे पुन्हा वाचा. विधेयक अजून तपासायला हवं असं ज्या ८५ जणांना वाटत होतं, त्यांच्यापैकी निम्म्यांनीही थोड्याच वेळानं विरोधात मत दिलं नाही. भाषणं जोरदार झाली होती. पी. चिदंबरम यांनी व्यक्तीला दहशतवादी ठरवण्याच्या अधिकारावर नेमकं बोट ठेवलं होतं. पण २००८ ची दुरुस्ती मांडताना गृहमंत्री तेच होते. गोपालन यांच्या बाजूला सतरा वर्षांची नोंद होती तशी इथे नव्हती, आणि समोरच्या बाकावरून ते त्यांना ऐकवलंही गेलं.

मला राग येतो तो इथे. हे कुठल्या एका पक्षाबद्दल नाही. २००२ मध्ये ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याला विरोध करणाऱ्यांनी २००४ मध्ये तो रद्द केला आणि त्यातला मोठा भाग यूएपीएमध्ये नेऊन ठेवला. मिसाखाली तुरुंगात गेलेल्यांच्या जनता सरकारनं मिसा रद्द केला, पण फौजदारी प्रक्रिया संहितेतच स्थानबद्धता घालू पाहणारं विधेयकही आणलं, आणि टीका झाल्यावर ते सोडून दिलं. विरोधी बाकावर असताना शिकलेलं सत्तेच्या बाकावर जाताना का सांडतं?

डिसेंबर २०२३ मध्ये तर चर्चा करायलाच माणसं उरली नव्हती. लोकसभेत दोघे तरुण प्रेक्षक गॅलरीतून उड्या मारून उतरले, त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं ही मागणी झाली, गोंधळ झाला, आणि त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. त्याच दिवसांत भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांची जागा घेणारी तीन विधेयकं मंजूर झाली. दीडशे वर्षांहून जुनी दंड संहिता बदलताना समोरचे बाक रिकामे. कितीही चांगली कलमं त्यात असोत, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. गृह मंत्रालयाच्या स्थायी समितीतल्या विरोधी सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या, त्या वाचण्यासारख्या आहेत. ज्यांना सभागृहात बोलता आलं नाही त्यांच्यापैकी काहींचं म्हणणं निदान तिथे सापडतं.

आणि आपल्या विधानसभेत? जुलै २०२५ मध्ये ‘कडव्या डाव्या’ संघटनांविरुद्धचं म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. सभागृहात स्पष्ट विरोध नोंदवला तो डहाणूचे एकटे आमदार विनोद निकोले यांनी. विधेयकाला बाहेर विरोध करणारे पक्ष त्या दिवशी तिथेच बसलेले होते. मोर्चे नंतर निघाले. मोर्चे काढावेतच, पण मत नोंदवायची जागा सभागृह होती.

माझं म्हणणं इतकंच की गृहखात्यावर बोलणाऱ्या विरोधी खासदाराला आपण टाळ्यांवरून मोजणं बंद करू या. त्यानं व्याख्येवर प्रश्न विचारला का? ‘राष्ट्रविरोधी’, ‘सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका’ अशा शब्दांची हद्द मंत्र्यांकडून वदवून घेतली का? मंत्र्यांचं आश्वासन कामकाजात आलं तर त्याचा पाठपुरावा करायला १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे, तिथपर्यंत ते पोचलं का? कायद्याला मुदत घाला, अशी दुरुस्ती दिली का? ‘पोलीस हा राज्यांचा विषय आहे’ हे ठरलेलं उत्तर आलं तेव्हा केंद्राच्या स्वतःच्या यंत्रणांबद्दल पुढचा प्रश्न विचारला का? आवाजी मतदानात नाव कुठेच राहत नाही, म्हणून उठून मतविभाजन मागितलं का? मतं कमी पडणार हे माहीत असतानाच ते मागायचं असतं.

पुढच्या अधिवेशनाआधी मी आमच्या खासदारांना हेच पत्रानं विचारणार आहे. ते विरोधी बाकावर आहेत. खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणारा राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८० पासून आजतागायत लागू आहे आणि त्याला स्थानबद्धता कायद्यासारखी मुदत नाही. अशी मुदत घालणारं खासगी विधेयक मांडाल का, एवढंच विचारतोय. ते मंजूर होणार नाही हे मलाही कळतं. उत्तर आलं तर इथेच टाकेन.