सेल्फ उचलत नाही

गाडी धडधाकट असते तोवर सोसायटीत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पट्ट्याबाहेर लागली तर वायपरखाली चिठ्ठी येते, तेवढाच काय तो संबंध. पण एकदा बॉनेट उघडून बघा. इस्त्रीवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे हात मागे बांधून हजर होतात आणि उघड्या इंजिनात डोकावून आधी एक मोठा उसासा सोडतात. आजार नंतर ठरतो.

सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती, साताऱ्याला. पुण्याहून निघायचं, खंबाटकी घाट ओलांडायचा, दुपारच्या पंगतीला पोहोचायचं. आदल्या संध्याकाळीच एका फिरत्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीच्या दोन्ही केबल बदलून दिल्या होत्या. जुन्या केबलींच्या टोकांना हिरवट-पांढरी भुकटी धरली होती. तो तिला कार्बन म्हणाला. ते असतं शिशाचं आणि तांब्याचं सल्फेट, पण कार्बन म्हटलं की मजुरी जरा वजनदार वाटते. काम झाल्यावर त्याने हॉर्न वाजवून दाखवला, हेडलाइट लावून दाखवले, पैसे घेतले आणि निघून गेला. इंजिन सुरू करून दाखवायचं काही त्याच्या मनात आलं नाही.

सकाळी चावी फिरवली. टक.

तेवढंच. गुरगुर नाही, घरघर नाही, नुसतं टक. मागच्या सीटवर ढोकळ्याचा डबा, पुढे पैठणीतली बायको आणि मध्ये ते टक. त्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’.

पहिले आले तळमजल्यावरचे काका. टकटकीचं अख्खं शास्त्र त्यांना पाठ आहे. एक टक म्हणजे सेल्फ (इंजिनला पहिला झटका देणारी मोटर) गेला, टकटकटक म्हणजे बॅटरी उतरली आणि टकही नाही म्हणजे तुम्ही गेलात. यातलं दुसरं बऱ्यापैकी खरं असतं. पण त्यांना फियाट आठवली आणि ते हॅण्डलवर घसरले. “नंबर प्लेटखालून हॅण्डल घालायचं, एक झटका, की गाडी चालू! हे सेल्फचे लाड कुणी सुरू केले कोण जाणे.” सुरू केले चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी, १९१२ सालच्या कॅडिलॅकपासून. काकांना हे सांगून काही उपयोग नव्हता. त्यांच्या मते त्यानंतर आलेलं सगळंच लाडात मोडतं.

मग बी विंगमधले इंजिनिअर आले. सॉफ्टवेअरचे आहेत, पण त्यांच्याकडे मल्टिमीटर आहे. त्यांनी लाल-काळी टोकं बॅटरीला टेकवली आणि आकडा मोठ्याने वाचला, “बारा पॉइंट सहा!” सगळे गप्प झाले. आपल्याकडे आकड्यापुढे माणसाचं काही चालत नाही. बॅटरी ठणठणीत, सबब सेल्फ गेला, असा निकाल लागला. खरं तर नुसत्या बसलेल्या बॅटरीचे व्होल्ट मोजून फारसं काही कळत नाही. हॉर्नला पुरतात चार-पाच अँपिअर. सेल्फला मात्र एका दमात शंभर-दीडशे लागतात, आणि ते बॅटरीतून निघून पुन्हा बॅटरीत परतावे लागतात. त्या परतीच्या वाटेकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सेक्रेटरी म्हणाले, धक्का मारू. धक्का मारायला सगळे तयार होते, पण नाकासमोर पाण्याची टाकी आणि पाठीशी त्यांचीच स्कूटर. विषय तिथेच मिटला.

शेवटी इंजिनिअरसाहेबांनी आपली गाडी शेजारी आणून लावली आणि जंपर केबल काढल्या. लालला लाल, काळ्याला काळा. चावी फिरवली. टक. बायको इतका वेळ गाडीचं पुस्तक वाचत होती. कव्हरही न फाडलेलं ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये पॉलिसीच्या कागदांखाली पडून होतं. ती म्हणाली, “यात लिहिलंय, शेवटचा काळा चिमटा आपल्या बॅटरीला लावायचा नाही. इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचा. बॅटरीजवळ ठिणगी पडली तर धोका असतो, तिथे हायड्रोजन निघतो.” “त्याने काही फरक पडत नाही वहिनी,” असं म्हणत साहेबांनी चिमटा तिथून काढून इंजिनच्या ब्रॅकेटला लावला.

गाडी एका दमात सुरू झाली!

टाळ्या पडल्या. बघा, बॅटरीच होती, असं तिघं एका सुरात म्हणाले. त्यात सेल्फ गेला म्हणणारे दोघेही होते. नवी बॅटरी कुठे स्वस्त मिळेल यावर चर्चा सुरू झाली. जुनी बॅटरी दिली तर किती कापून मिळतात, याचे तीन वेगळे भाव निघाले. चिमटे काढले, खात्रीसाठी गाडी बंद केली, पुन्हा चावी फिरवली. टक.

वॉचमन मामा एवढा वेळ एका बाजूला उभे होते. ते तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ते पुढे झाले, बॉनेटमध्ये हात घातला आणि झटकन मागे घेतला. “साहेब, क्लचची केबल पोळतेय. चावी फिरवली की तापतेय.”

बायको म्हणाली, “चिमटा इंजिनला लावला तेव्हा सुरू झाली, बॅटरीला लावला तेव्हा नाही. मग बॅटरीचा आणि इंजिनचा आपसात संबंध तरी आहे का?”

यावर कुणी काही बोललं नाही. काकांनी चष्मा पुसला.

संबंध नव्हताच. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीला अर्थिंग, म्हणजे करंटला परतीची वाट, दिलं म्हणजे इंजिनला मिळतंच असं नाही. दिवे, हॉर्न, काचा, सगळ्यांचं अर्थिंग बॉडीतून होतं, म्हणून ते मजेत होते. सेल्फ बसतो गिअरबॉक्सपाशी, त्याचा करंट इंजिनमधूनच परत जायचा. ती वाट बंद झाल्यावर बिचारा करंट मिळेल तिथून, म्हणजे क्लचच्या पोलादी तारेतून, परत जाऊ बघत होता. शंभर अँपिअरची वरात त्या बोळातून कशी निघणार? तार तापली आणि सेल्फ टक करून बसला.

डिकीत जुन्या केबल होत्या, भंगारात जातील म्हणून ठेवलेल्या. बायकोने काळी बाहेर काढली. तिला बॅटरीच्या टोकापासून दोन शेपट्या होत्या, एक बॉडीला जाणारी आणि दुसरी, लांब, गिअरबॉक्सला. नव्या चकचकीत केबलला एकच होती, बॉडीची. मामांनी मोबाइलच्या उजेडात खाली बोट दाखवलं. गिअरबॉक्सवर एक बोल्ट नुसताच अडकवलेला होता. त्याच्याभोवती वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल आणि बरोबर वॉशरएवढी गोल जागा तेवढी लखलखीत. त्या जागेवरून कालपर्यंत दुसरी शेपटी निघत होती.

पुढचं काम किरकोळ होतं. काकूंकडून गरम पाणी आणि खायचा सोडा आला, जुन्या काळ्या केबलची भुकटी फेसाळत निघाली, कोरडी करून टोकं पॉलिश पेपरने घासली. दहाचा पाना इंजिनिअरसाहेबांकडे नव्हता, मल्टिमीटर मात्र दोन निघाले. पाना मामांच्या केबिनमध्ये सापडला. मामांनी एक शेपटी बॉडीला आवळली, दुसरी गिअरबॉक्सला, वर थोडं व्हॅसलीन फासलं आणि म्हणाले, “मारा सेल्फ.”

लागली. आणि लागलीच राहिली. काका म्हणाले, “तरी बॅटरी एकदा बघून घ्या.”

साताऱ्याला पोहोचलो तेव्हा औक्षण होऊन गेलं होतं आणि दुसरी पंगत उठत होती. सासरे दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पैठणीवरचे ग्रीसचे डाग बघितले, माझ्या काळ्या हातांकडे बघितलं आणि जाणत्यासारखी मान हलवली.

“बॅटरी?”

मी इंजिनचं अर्थिंग समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको त्यांच्या पाया पडत म्हणाली, “हो बाबा, बॅटरीच. जिलबी उरलीय का?”