ओला-सुका वेगळा करताना घ्यावयाची काळजी

आज सकाळी पुन्हा तेच. हिरवा डबा, निळा डबा, दोन्ही एकाच हौद्यात उपडे आणि घंटागाडी गाणं वाजवत पुढे. तेव्हा नागरिकहो, वर्गीकरण नीट करा.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. सुटा तुकडा गटारात जातो. पिशवी धुवा, वाळवा, निळ्या डब्यात टाका. पाचच मिनिटांत ती शेजाऱ्यांच्या आमटीत पोहू लागेल.

सेल, जुनी औषधं, फुटक्या ट्यूब हा घरगुती घातक कचरा. तो घरातच साठवा, मुलांना वारसा म्हणून उपयोगी पडेल.

प्लास्टिकबंदी २०१८पासून आहे. पहिला दंड ५,००० रुपये. पावती भाजीवालीची फाडावी, कारखानदाराला त्रास देऊ नये.

प्रदूषण नियंत्रण मंडळ पालिकेला नोटीस धाडतं. तीही जपा, उत्तम सुका कचरा आहे.

खताची हौस असेल तर ओल्याच्या बरोबरीने वाळका पाला घाला, मुठीत दाबल्यावर जेमतेम थेंब सुटेल इतकाच ओलावा ठेवा, आठवड्याला खालीवर करा. दीड-दोन महिन्यांत खत. हाच ओला कचरा गाडीत दिलात तर मात्र त्यात काचा आणि सेल मिसळतात आणि ते खत कुठलाच शेतकरी शेतात टाकत नाही. पुठ्ठा भिजला की भंगारवाला हात लावत नाही. उरलेला लगदा डेपोवर जातो, हवेवाचून आतल्या आत कुजतो, मिथेन धरतो आणि पेटतो. मुंबईचं देवनार डेपो २०१६च्या जानेवारीत असंच धुमसलं. खाली झिरपणारं काळं पाणी विहिरींत उतरतं. जिथे पुण्याचा कचरा पडायचा त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा, पुण्याने वर्गीकरण कसं केलं ते. २०१६च्या घनकचरा नियमांतच सगळं लिहिलं होतं की! वेगळा गोळा करा, वेगळाच वाहून न्या. पालिकेतल्या साहेबांनो, टनामागच्या पैशांचे हिशोब तेवढे तुम्हाला पाठ, आणि किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा जमिनीत पुरायचा नाही हे कलम कोणी वाचायचं?

सल्ले पुरे. कंत्राटदाराला टनावर पैसे देता, म्हणून त्याला ओलं, जड, मिसळलेलंच हवं असतं. हे तुम्हाला कळत नाही असं सांगू नका. हौद्यात मधोमध पत्रा ठोका, मिसळलेल्या टनाचं बिल अडवा. हे जमत नसेल तर भिंतींवर डब्यांची चित्रं रंगवून आम्हाला शिकवायला येऊ नका.