तळ्यावरच्या गळवाल्या पोरांना हाकलू नका

आमच्या बागेतल्या दोन्ही तळ्यांमधली जलपर्णी श्रमदानातून निघाली, गाळ निघाला, कित्येक वर्षांनी पाणी दिसायला लागलं. आणि लगेच सोसायट्यांच्या ग्रुपवर मागण्या सुरू झाल्या. काठ सिमेंटनं बांधून घ्या, मधोमध कारंजं बसवा, रंगीत दिवे लावा, आणि 'मासे पकडण्यास सक्त मनाई' असा मोठा बोर्ड लावा. कारंज्याबद्दल आपण बसून बोलू. बोर्डाला मात्र माझा ठाम विरोध आहे. का, ते सविस्तर लिहिते.

ही तळी मुळात लोकांनी निवांत गळ टाकून बसावं म्हणूनच केलेली होती. पुढे देखभाल थांबली, शेजारच्या ड्रेनेजच्या चेंबरमधून मैलापाणी झिरपायला लागलं आणि तळी गेली. मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असतं, जलपर्णीला तेच खत. पाषाण तलावावर पुणेकर हे वर्षानुवर्षं बघतायत. वरून कितीही उपसा, खालून सांडपाणी चालू असेल तर ती पुन्हा येतेच. म्हणून आमच्याकडे श्रमदानाच्या आधी चेंबर दुरुस्त करून घेतला.

आणि चेंबर गळतोय हे सांगितलं कोणी? वस्तीतल्या गळवाल्या पोरांनी. "त्या कोपऱ्यात मासा लागतच नाही ताई, आणि पहाटे सगळे वर तोंड काढून असतात." ही एवढी माहिती पुरेशी होती. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याही तो वापरतात. घाण पाण्यातले जिवाणू त्यात भर घालतात. त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. सात वाजता फिरायला येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. अंधारात गळ घेऊन बसलेल्याला दिसतं.

गाळाचंही तेच. पोकलेन लावून एका दिवसात मोकळं करू, असा प्रस्ताव होता. तो थांबवला शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमन मामांनी. मूळचे इंदापूरकडचे, उजनीच्या पाण्यावर मासेमारी केलेले. काठावर उकिडवे बसले, कोपरापर्यंत हात गाळात घातला आणि मूठभर वर काढला. वरचा काळाकुट्ट, सडक्या अंड्यासारखा वास येणारा. मग आणखी खालून दुसरी मूठ काढली. ती करडी, चिकट, बोटांना लुकण लावल्यासारखी. "ताई, हा काळा काढा. ह्या चिकणला हात लावू नका. ह्याच्याखाली मुरूम हाय, तो उघडा पडला की पाणी ऱ्हात नाही."

पुण्याच्या जमिनीत हे अगदी खरं आहे. मुरमापर्यंत खणलेलं तळं पावसाळ्यात भरतं आणि दिवाळीनंतर कोरडं पडायला लागतं. मग टँकर, नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. आम्ही फावडी-घमेली घेऊन माणसांची साखळी केली आणि फक्त काळा थर काढला. तो बागेतच उन्हात पसरला. भेगा पडून आत हवा गेली तसा वास गेला, आता तोच वाफ्यांमध्ये घालतोय.

पाणी उतरलं तेव्हा काठाच्या उथळ चिखलात ताटलीएवढे गोल खड्डे दिसले, एकाशेजारी एक. पोरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, चिलापीची घरटी. नर चिलापी खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि मग ती तोंडात घेऊन सांभाळते. हा आफ्रिकेतला मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि आज उजनीपासून गावतळ्यांपर्यंत सगळीकडे आहे. भराभर वाढतो आणि देशी माशांना जागा ठेवत नाही. म्हणजे आपल्या तळ्यात चिलापी कमी करायला हवी, आणि त्यासाठी गळासारखा सोपा, फुकटचा, पाण्याला धक्का न लावणारा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. आपण ज्यांना हाकलायला निघालोय, ते हेच काम हौसेनं करतायत.

सिमेंटच्या काठाबद्दलही बोलते, कारण तो याच विचारातून येतो. उतरता, गवताचा, चिखलाचा काठ असला की वंचक बगळा येतो, बेडूक अंडी घालतात, माशांच्या पिल्लांना लपायला जागा मिळते. उभी भिंत बांधली की यातलं सगळं जातं आणि उरते ती टाकी. एखादं कुत्र्याचं पिल्लू आत पडलं तर त्याला वर यायलाही वाट राहत नाही.

आणि डेंग्यू. "तळं म्हणजे डास, त्यापेक्षा बुजवा" असं एका काकांनी कळकळीनं लिहिलंय, म्हणून कळकळीनंच उत्तर देते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, टायर, गच्चीवरचे उघडे डबे. मासे असलेल्या जिवंत तळ्यात डासांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत. तळं बुजवून डेंग्यू जाणार नाही. ताटल्या ओतल्या तर फरक पडेल.

बुजवण्याची या शहराला तशी सवय आहे. सारसबागेत तळ्यातला गणपती आहे, पण त्याच्याभोवती पेशव्यांच्या काळी केवढं पाणी होतं, हे आज तिथे भेळ खाणाऱ्याला सांगूनही पटत नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी नळातून शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. त्या हौदांवर रोज पाणी भरणारी माणसं होती, तोवर ते साफ राहिले. घरोघरी नळ आले, हौदांवरचा वावर संपला आणि त्यातले कितीतरी दिसेनासे झाले. पाण्याशी रोजचं काम असलेला माणूस तिथून उठला की पुढे काय होतं, हे आपल्याच पेठांमध्ये दिसतं.

मग काय, कोणीही यावं आणि काहीही करावं? नाही. नियम हवेत आणि ते कडक हवेत. फक्त गळच चालेल. जाळं किंवा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, चालणार नाही. तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काठावर टाकायचा नाही, कारण तो बगळ्यांच्या, वंचकांच्या पायांत अडकतो आणि पक्षी तडफडून मरतो. तंगूस टाकायला झाकणाचा डबा ठेवू. समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तसं आपणही पावसाळ्याची सुरुवात मोकळी सोडू. पाण्याची तपासणी होईपर्यंत तळ्यातला मासा कोणी खायचा नाही. रोहू, कटला, मृगळ लागला तर सोडून द्यायचा, कारण हे मासे साचलेल्या पाण्यात पिल्लं देत नाहीत, त्यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, दरवर्षी विकत आणून सोडावी लागतात. चिलापी परत पाण्यात सोडायची नाही.

असेच नियम बाकीच्यांनाही हवेत. पुण्य म्हणून माशांना ब्रेड, चुरमुरे, बिस्किटं टाकणं बंद. ते खाल्लं जातं त्याहून जास्त तळाशी कुजतं आणि पुन्हा तोच काळा गाळ तयार होतो. घरच्या टाकीत मोठे झालेले मासे आणि कासवं इथे आणून सोडणं बंद. निर्माल्य कलशात.

गाळ उपसायला त्या पोरांपैकी बहुतेक जण आले होते, आणि आमच्याआधी आले होते. घमेलं हातात देताना आपण त्यांना कोणत्या वस्तीतले म्हणून विचारलं नाही. बोर्डवर काय लिहायचं हे ठरवताना त्यांना बाहेर ठेवणं मला मान्य नाही.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता बागेच्या गेटपाशी बैठक आहे. बोर्डचा मजकूर तिथेच ठरेल. पोरांना मी निरोप दिलाय, मामाही ड्युटी बदलून येतायत. ज्यांना बोर्ड हवाय त्यांनीही जरूर या. आणि कोणाकडे जुने गमबूट असतील तर घेऊन या, धाकट्या तळ्याचा उत्तरेकडचा कोपरा अजून काढायचा राहिलाय.