‘घरात गाणं नाही ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली ‘एक बाप’ या नावानं आलेली प्रतिक्रिया खरमरीत आहे. तिला ‘अभिप्रायाबद्दल आभार’ म्हणून वाटेला लावणं मला बरं वाटेना. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘गाणं रक्तातच होतं’ असं मी लिहिलं होतं. त्यावर हे गृहस्थ म्हणतात, आजोबा पेटीवर, वडील तबल्यावर, आईच्या गाण्याच्या शिकवण्या. मग तुम्ही गायिका झालात यात तुमचं कर्तृत्व ते काय? भीमसेनजी घरातून पळाले, त्यांना काही आयतं मिळालं नव्हतं. आणि शेवटी खरी सल: त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला क्लासमध्ये ऐकवलं गेलं, “घरात गाणं नाही ना, मग जरा अवघडच.” तुमच्यासारख्यांच्या लेखांमुळे असली वाक्यं पसरतात, असं ते म्हणतात.

पसरतात, खरं आहे. ‘रक्तात’ हा शब्द मी मागे घेते. लिहिताना हाताशी आला, ऐकायला बरा वाटला, ठेवून दिला. रक्तात काय होतं ते मला माहीत नाही. घरात काय होतं ते मात्र नीट सांगता येईल.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चार वाजल्यापासून आईचा क्लास, आतल्या खोलीत माझा गृहपाठ. मधे फक्त पडदा. वर्षानुवर्षं नव्या मुली यायच्या आणि पहिला राग भूपच असायचा. भूपात मध्यम आणि निषाद, म्हणजे म आणि नि, वर्ज्य. पण वरच्या सा वरून ध वर उतरताना नवख्या गळ्याला निषाद पुसटसा लागतोच. आई स्वयंपाकघरात कणीक मळत असली तरी तिथूनच ओरडायची, “नि लागतोय!” मुलगी पुन्हा गायची, पुन्हा लागायचा, पुन्हा ओरडा. मी भूप शिकायला बसले तोवर निदान पन्नास मुलींनी तो माझ्या कानांदेखत चुकवला होता. तुम्ही ‘आयतं’ म्हणता ते हे. गळा माझा बेताचाच होता, आजही वरच्या सप्तकात मला जपून जावं लागतं. कान मात्र दुसऱ्यांच्या चुकांवर फुकटात तयार झाला.

दुसरी गोष्ट याहून वरवरची, पण पोटापाण्याच्या दृष्टीनं मोठी. माझं पहिलं जाहीर गाणं गणेशोत्सवात, आईच्या एका शिष्येच्या सोसायटीत झालं. तबल्याला बाबा, पेटीला आजोबा. साथीची बिदागी शून्य. माझ्याबरोबरच्या एका मुलीला त्याच वर्षी साथीदार जमवताना, रियाजाला त्यांच्या वेळा मिळवताना आणि मानधन देताना काय धावपळ झाली ते मी पाहिलंय. ती माझ्याहून सरस गायची. आता गात नाही. तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘यात तुमचं कर्तृत्व ते काय?’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण अशा घराचं भाडंही द्यावं लागतं हो. आई आणि गुरू एकाच देहात असल्या की जेवणाच्या ताटावरही तान तपासली जाते. शिवाय मी आईसारखंच गायचे: तिचे श्वास, तिच्या मुरक्या, तिच्या आवाजातला तो किंचित खरखरीतपणासुद्धा उचललेला. विसाव्या वर्षी एका ऑडिशनला परीक्षक म्हणाले, “आईंची कॅसेट आमच्याकडे आहे.” बस, एवढंच. मी नापास झाले. घरी येऊन रडले तेव्हा आई म्हणाली, “बरोबर बोलले ते.” पुढच्या महिन्यात तिनंच मला दुसऱ्या गुरूंकडे नेऊन बसवलं.

यात नवीन काही नाही. गायिका हिराबाई बडोदेकर म्हणजे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी. तरी त्यांची तालीम झाली ती भाऊ सुरेशबाबू माने यांच्याकडे आणि पुढे वहीद खाँसाहेबांकडे. घराणं जन्मानं लागलं असेल, पण बसून शिकावं लागलं ते वेगळ्याच गुरूंसमोर.

आता भीमसेनजी. तुम्ही म्हणता तसे ते शिक्षकाचे चिरंजीव, अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. पण ते शेवटी पोचले कुठे? 1936 साली कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या घरी. तिथे राहिले, पडेल ते काम केलं आणि दिवसभर कानावर पडेल ते साठवलं. म्हणजे ज्या मुलाच्या घरात तालीम नव्हती त्यानं तालमीचं घर गाठलं. त्याच गुरूंकडे गंगूबाई हनगल हुबळीहून गाडीनं शिकायला यायच्या. त्यांच्या घरात गाणं होतं, आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या. पण लेकीच्या हिंदुस्थानी गाण्यात त्याची सरमिसळ नको म्हणून त्या माउलीनं आपलं गाणं थांबवलं. एकाला घर मिळवावं लागलं, दुसरीसाठी घरातलं गाणं गप्प करावं लागलं. 1953 पासून पुण्यात भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ जो महोत्सव चालवला, त्यात हे दोघे गायले. ऐकणाऱ्या कुणीही जन्मदाखला विचारला नाही.

आजची पंचाईत अशी की कुंदगोळसारखं घर कुणाकडे उरलेलं नाही. आठवड्यातून दोनदा पाऊण तास, पुढची बॅच दारात चपला काढतेय. त्या पाऊण तासात मुलीला तिच्या स्वतःच्याच चुका ऐकू येतात, आणि त्यासुद्धा बाई सांगतील तेवढ्याच. तुमच्या मुलीच्या बाईंनी याला ‘घरात गाणं नाही’ म्हटलं. वेळ पुरत नाही म्हणायचं सोडून दोष घरावर ढकलला, असं माझं मत. एक शिक्षिका म्हणून ही पळवाट मला ओळखीची आहे.

तर तुमच्या लेकीविषयी. मिरजेचा तानपुरा लगेच घ्यायची घाई नको, सध्या फोनवरचा पुरे. फक्त तो तिच्या पट्टीत नीट लावून मिळाला पाहिजे. पेटीवरची काळी चार की पाच, हे बाईंनी ठरवू दे. दुसरं, बाईंना विचारा, हिला अर्धा तास आधी येऊन कोपऱ्यात बसू द्याल का? आधीच्या बॅचचं चुकतमाकत चाललेलं ऐकू दे. बहुतेक बाई नाही म्हणणार नाहीत, आणि नाही म्हणाल्या तर क्लास बदला.

आणि तिसरं थोडं आगाऊपणाचं आहे. गायिका प्रभा अत्रे यांचे आईवडील दोघेही पुण्यातले शिक्षक. आईची तब्येत बरी नव्हती, मन रमावं म्हणून त्या गाणं शिकू लागल्या. त्यांचं शिक्षण लवकरच थांबलं, पण शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीचं सुरू राहिलं. तेव्हा तुम्हीच का नाही नाव घालत? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी करा, पास व्हायची सक्ती नाही. संध्याकाळी ऑफिसातून आलात की बाहेरच्या खोलीत बसून भूप म्हणा. तुमचाही नि लागणारच. मुलगी आत गृहपाठ करत असेल तेव्हाच म्हणा, आणि दार लोटून घेऊ नका.