पडलेला नेता आणि रिकामी खुर्ची

28 एप्रिल 2025 ला कॅनडातल्या आमच्या कार्लटन मतदारसंघात मतपत्रिका हातात आली तेव्हा हसूच आलं, जवळजवळ मीटरभर लांब, 91 उमेदवार, त्यातले बरेचसे निवडणूक पद्धतीचा निषेध म्हणून मुद्दाम उभे राहिलेले, घडी घालताना नऊवारी आवरतोय असंच वाटत होतं. त्यात एक नाव पिएर पॉलिएव्ह.

हा माणूस 2004 ला पंचविशीत ऑटावाच्या याच बाजूने खासदार झाला, मग सलग निवडून येत गेला, पंतप्रधान हार्परच्या काळात मंत्रीपण झाला, आणि 2022 पासून कन्झर्वेटिव्ह पक्षाचा नेता म्हणून विरोधी पक्षनेता. तोंडाने तिखट. 2024 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडोंना सभागृहात वेडपट म्हणाला, शब्द मागे घे म्हटलं तर घेईना, शेवटी स्पीकरने दिवसभरासाठी बाहेर काढलं. मला काही तो आवडत नाही, आधीच सांगतो. तर या निवडणुकीत पक्षाच्या 140 च्या वर जागा आल्या आणि हा स्वतःच पडला.

पुण्याच्या मित्राचा लगेच मेसेज, "संपला का रे तुमचा विरोधी पक्षनेता?"

कसला संपतोय. त्याच्याच पक्षाच्या अँड्र्यू शीअरना तात्पुरतं त्या खुर्चीत बसवलं, अल्बर्टा प्रांतातल्या डेमियन क्युरेक नावाच्या खासदाराने आपली पक्की सीट सोडली, पंतप्रधान कार्नी म्हणाले पोटनिवडणूक लांबवणार नाही आणि खरंच नाही लांबवली. 18 ऑगस्टला हे साहेब 80 टक्के मतं घेऊन परत. आता स्थानिक लोकांनी निवडलेला माणूस बाजूला करून नेता आणून बसवायचा हे मला तरी खटकलं, पण विरोधकाला बाहेर ठेवायची आयती संधी सरकारने घेतली नाही हेही खरं.

आणि आपल्याकडे 2024 च्या निकालानंतर विधानसभेतली ती खुर्ची रिकामीच राहिली. 288 चे 10 टक्के म्हणजे 29, ठाकरेंच्या सेनेकडे 20. भास्कर जाधवांचं नाव दिलं, पत्रं गेली, 10 टक्क्यांची अट कायद्यात कुठे लिहिलीये यावर वाद झाले. इथे कॅनडात टक्के कोणी मोजत नाही, सरकारबाहेरचा सगळ्यात मोठा पक्ष कोणता एवढंच बघतात. 1993 ला तर क्युबेक प्रांत वेगळा काढायला निघालेल्या ब्लॉक क्युबेक्वा पक्षाला 54 जागांवर अधिकृत विरोधी पक्ष म्हणून मान्यता होती, राणीचा निष्ठावंत विरोधी पक्ष म्हणे!

मित्राला हे सगळं लिहिलं तर तो म्हणे, "मग तुमच्या एनडीपीचं, त्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचं काय झालं?" बरोबर पकडलं गड्याने. त्यांचे आले 7, अधिकृत पक्षाच्या दर्जाला 12 लागतात, म्हणजे निधी गेला, प्रश्न विचारायची नेहमीची पाळी गेली. आकड्याची अट इथेपण आहेच, फक्त विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीला ती लावत नाहीत.


"मग आमच्याकडे तेवढंच करा ना," असं त्याचं पुढचं उत्तर. मी कुठे नाही म्हणतोय.